दगडू नावाचा अर्थ

नावाचा अर्थ विचारण्याची चाल आपल्या समाजात अलीकडे फार वाढली आहे. घरात मूल जन्मले की अकीक्याच्या सातव्या दिवसापर्यंत मोबाइलवर नावांची शोधाशोध चालते. अरबीत अर्थ काय, फारसीत काय, कुराणात आले आहे का, भावकीत कुणाचे नाही ना, अशा चार चाळण्या लावल्या जातात. गंमत अशी की एवढे चाळूनही शेवटी सगळ्यांच्या सुपात तेच नाव पडते. शिक्षक म्हणून माझी अखेरची वर्षे शिरूर तालुक्यात गेली. एका वर्षी पहिलीच्या एकाच वर्गात तीन अयान होते. हजेरी घेताना ‘अयान’ म्हटले की तीन तोंडांतून ‘हजर’ यायचे. वेगळे नाव हवे म्हणून धडपडणाऱ्या तिन्ही घरांना मी मनातल्या मनात सलाम करायचो.

त्याच शाळांची जुनी जनरल रजिस्टरे उघडली की वेगळीच दुनिया दिसते. पिवळी पडलेली पाने, बोरूने काढलेले मोडीवळणाचे अक्षर आणि मुसलमान मुलांची नावे अशी: चाँद, गुलाब, लाला, बाबू, रमजान, जुम्मा, पीरसाहेब, मदार, भिकन, फकीर. आणि अधूनमधून, दगडू. आता या शिरूर-दौंड पट्ट्यात मुसलमानाच्या घरी दगडू जन्माला येत नाही. नाव जवळजवळ संपले. उरले आहे ते फक्त मधल्या जागी, बापाचे नाव म्हणून. माझ्याही दाखल्यावर माझे नाव आणि आडनाव यांच्यामध्ये तेच बसलेले आहे.

अब्बांच्या आधी दादीची तीन मुले गेली. त्यांतले एक 1918 च्या मानमोडीत. घोड नदीकाठच्या आमच्या गावात त्या साथीने घरेच्या घरे रिकामी केली, असे दादी सांगायची. अब्बा जन्मले तेव्हा दादी त्यांच्याकडे बघायलाही घाबरत होती. शेजारच्या माळ्याच्या आजीने पोर उचलले, दादीच्या पदरात पसाभर बाजरी टाकली आणि म्हणाली, “हे पोर आता माझं. मी विकत घेतलंय. तू नुसती सांभाळ.” मग तिनेच कानात नाव सांगितले. दगडू. “दगडाला मरण नसतं गं, आणि दगडावर कुणाची नजरही बसत नाही.” अजान त्याआधी कानात झालेलीच होती. दोन्ही गोष्टी एकाच पोराच्या एकाच कानाने ऐकल्या आणि त्यातून आमच्या दादीला कसलीही अडचण झाली नाही. पोर जगले. सत्तरी ओलांडून गेले.

ही काही आमच्याच घरची रीत नव्हती. धोंडू, केरू, कचरू, उकिर्डा, भिकू, नथू ही सगळी त्याच भीतीची लेकरे. मूल नकोसे आहे असे मृत्यूला भासवायचे, म्हणजे तो पुढच्या दाराला जाईल. मागून आणलेला तो भिकू, आमच्यात तो भिकन. नाक टोचून मुलगी असल्याचे सोंग दिले तो नथू. मोहरमात नवस बोलून ज्याला हिरवा कफनीचा अंगरखा घातला तो फकीर. ही नावे धर्म विचारून दारात आली नाहीत, कारण पोर दगावण्याचे दुःखही धर्म विचारून येत नव्हते.

आणि देवघेव एकेरी नव्हती. आमच्या घोड आणि भीमेच्या पलीकडे श्रीगोंदा. तिथे शेख महंमद झाले, ज्यांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. त्यांच्या गुरूंचे नाव चाँद बोधले. एकाच नावात दोन्ही अंगणे. त्याच मुलखातल्या अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, शाह शरीफ यांचा दर्गा आहे. मालोजीराजे भोसले यांना त्या पिराच्या कृपेने मुलगे झाले अशी परंपरा सांगते, आणि म्हणून थोरल्याचे नाव शहाजी, धाकट्याचे शरीफजी. छत्रपती शिवाजी महाराजांच्या वडिलांचे आणि चुलत्यांचे नाव एका मुसलमान अवलियाकडून आले आहे. ज्ञानोबांच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा; त्यांच्या नावातला ‘हैबत’ अरबी. अण्णा भाऊ साठे यांच्या 1959 च्या कादंबरीचा मातंग नायक फकिरा. त्यांच्यात फकिरा चालतो, आमच्यात दगडू चालत होता. हिशेब चुकता होता.

अब्बा पुढे दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये खलाशी म्हणून लागले. इंग्रजांच्या रेल्वेने दौंडचे स्पेलिंग असे केले होते की सरळ वाचले तर ‘धोंड’. अब्बा हसून म्हणायचे, “धोंडवर दगडू लागला, आता हलायचा नाही.” खरोखरच हलले नाहीत. वाफेची इंजिने थंड होईपर्यंत तिथेच राहिले. हिंदू-मुसलमान-ख्रिस्ती सगळ्या शेडमध्ये त्यांना दगडूभाई म्हणत. त्या नावाने त्यांना कधी कुणी कमी लेखले असेल तर ते त्यांनी घरी सांगितले नाही.

नावाने कमी लेखणे म्हणजे काय, हे दया पवारांनी लिहिले आहे. त्यांचे खरे नाव दगडू मारुती पवार. 1978 च्या ‘बलुतं’मध्ये दगडू आपली कहाणी दया पवारांना सांगतो, जणू ही दोन माणसे आहेत. ज्या समाजाला चांगले नाव ठेवण्याचीही मुभा नव्हती, त्याने नाव बदलले तर ते मी मुक्तीच समजतो. पण एकच नाव एका घरात वरून लादलेला अपमान असू शकते आणि दुसऱ्या घरात आईने पांघरलेली गोधडी. उच्चारावरून ते कळत नाही. नाव कुणी दिले आणि का दिले, ते विचारावे लागते.

आमच्या घरात हा प्रश्न उभा राहिला तो वेगळ्याच कारणाने. डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला आणि देशभराच्या नागरिक नोंदणीची चर्चा सुरू झाली. आपल्या वस्त्यांतून लोकांनी पत्र्याच्या पेट्या खाली काढल्या. कागद ओट्यावर पसरले. आमच्या पेटीत अब्बा चार निघाले. सातबाऱ्यावर दगडू, रेशनकार्डावर दगडूभाई, मतदार यादीच्या उताऱ्यावर दगडूमियाँ, आणि माझ्या दाखल्याच्या इंग्रजी प्रतीत असे काही स्पेलिंग की परत मराठीत आणले तर ‘डगाडू’. एका कचेरीतल्या माणसाने कागद चाळून मला विचारले, “वडील हिंदू होते का? मग बदललं कधी?” त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, नुसते कुतूहल होते. खोच नसलेल्या प्रश्नालाच उत्तर देणे अवघड जाते.

त्या रात्री पुतण्या म्हणाला, “चाचा, दादा का नाम अब तो दुरुस्त कर लेव. गॅझेट में छपवा लेंगे. दाऊद कर देंगे, आवाज भी मिलता है. पत्थर का नाम है वो. कल कूँ कोई पूछेंगा तो क्या जवाब देंगे?”

“कौन पूछेंगा? कब्र के फरिश्ते, की कचेरी का क्लार्क?”

“दोनों,” तो म्हणाला.

पोरगा शिकलेला आहे, नमाजी आहे आणि त्याची भीती खोटी नाही. एका बाजूला कागद जुळत नाहीत म्हणून परके ठरण्याची भीती; दुसऱ्या बाजूला आपल्याच जमातीत अर्धवट मुसलमान ठरण्याची. त्याने हदीसचा दाखलाही दिला. प्रेषित मुहम्मद (स.) वाईट अर्थाची नावे बदलत. आसिया, म्हणजे आज्ञा मोडणारी, अशा नावाच्या स्त्रीचे नाव त्यांनी जमीला ठेवले. हे खरेच आहे.

पण त्याच हदीस-ग्रंथांत दुसरी गोष्ट आहे. हज्न नावाचे एक गृहस्थ आले. हज्न म्हणजे खडबडीत, कठीण जमीन. प्रेषितांनी सुचवले, तुम्ही सहल आहात. म्हणजे मऊ, सपाट जमीन. ते म्हणाले, वडिलांनी ठेवलेले नाव मी बदलणार नाही. प्रेषितांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. त्यांचे नातू सईद बिन मुसय्यब मदीनेचे थोर विद्वान झाले, आणि तेच सांगत की तो खडबडीतपणा मग आमच्या घराण्यात राहूनच गेला. मी पुतण्याला म्हटले, आपल्या घराण्यातही तो आहे, नाकारत नाही. शिरूरच्या मुरमाड माळावर जन्मलेल्यांना तो परवडतो.

मग मी त्याला अरबी कोश काढायला लावला. अबू सुफियान यांचे मूळ नाव सख्र बिन हर्ब. इ. स. 630 मध्ये मक्काविजयाच्या वेळी त्यांनी इस्लाम स्वीकारला. नाव सख्रच राहिले. सर्वाधिक हदीस सांगणारे हजरत अबू हुरैरा (रजि.), त्यांच्या वडिलांचे नावही बहुतेक चरित्रकार सख्र असेच देतात. अब्दुर्रहमान बिन सख्र. सख्र म्हणजे काय? दगड. मोठा धोंडा. आपल्या शाळेच्या रजिस्टरात नोंद करायची झाली तर अब्दुर्रहमान दगडू. हजरत मुआज बिन जबल (रजि.), जबल म्हणजे डोंगर. आज आपण हौसेने तल्हा नाव ठेवतो, तो बाभळीच्या जातीचा एक वृक्ष. म्हणजे अरबस्तानातली बाभूळ चालते, अरबस्तानातला दगडही चालेल, फक्त घोडनदीचा दगड चालत नाही.

पुतण्या गप्प राहिला. पटले म्हणून नव्हे. कोश बंद करून पुन्हा उघडून बघत होता.

मधल्या जागी सरकलेल्या नावांविषयी वाचताना मला हवाई बेटांचा इतिहास सापडला होता. पॅसिफिक महासागरातली ही बेटे कुठे आणि दौंड कुठे. पण तिथेही दुबळ्या मुलाला दुष्ट नजरेपासून वाचवायला मुद्दाम घाण नावे ठेवत. ‘पुपुका’, म्हणजे कुरूप. 1860 साली राजा चौथा कामेहामेहा याने कायदा केला की यापुढे जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाला ख्रिस्ती नाव हवे आणि बापाचे नाव आडनाव म्हणून लागावे. कायदा 1967 पर्यंत टिकला. शंभर वर्षे आयांनी काय केले? सरकारला हवे ते नाव पुढे लावले, आणि आपल्या भाषेतले नाव मधल्या जागी जपून ठेवले. आमच्याकडे तसा कायदा कुणी केलेला नाही. आम्ही न सांगताच पाळायला निघालो आहोत.

गॅझेटात काही छापले नाही. जानेवारी 2020 मध्ये तहसीलबाहेरच्या टायपिस्टकडून प्रतिज्ञापत्र करून घेतले. दगडू, दगडूभाई, दगडूमियाँ आणि ते चौथे स्पेलिंग ही सर्व एकाच व्यक्तीची नावे असून ती व्यक्ती माझे वडील होत. पुतण्याने साक्षीदार म्हणून सही केली. त्याचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी त्याला मुलगा झाला, तेव्हा त्याने नाव अरबीच ठेवले, सुंदर अर्थाचे. तो त्याचा हक्क आहे. त्याच्या पोराला मानमोडीपासून लपवायचे नव्हते. लस टोचायला नेले की काम झाले. दगडू नाव संपले ते या अर्थाने चांगलेच झाले. आयांना आता त्याची गरज उरली नाही.

पण गरज संपली म्हणून नावाची लाज का वाटावी? कोशात दगडू शब्दाचा अर्थ एका ओळीत मिळतो. आमच्या घरी त्याचा अर्थ आहे पसाभर बाजरी, एक घाबरलेली मुसलमान आई, आणि तिच्या पोराला मरणाच्या यादीतून खोडण्यासाठी त्याला आपले म्हणणारी शेजारीण. ज्या यादीत उद्या आमचे नाव शोधले जाईल, तिच्यात हा अर्थ लिहायला रकाना नसतो. म्हणून तो इथे लिहून ठेवतो.