शाळेतही चिठ्ठ्या पडू द्या

शाळा व्यवस्थापन समितीची निवड बिनविरोध व्हावी, असं मी कालपरवापर्यंत ठासून सांगत होते. शाळेत राजकारण नको, हे माझं पालुपद होतं. त्याला कारणही तसंच होतं. माझं माहेर अकोट तालुक्यातलं. तिथे एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर आमच्या घरचं आणि चुलत काकांच्या घरचं चहापाणी तुटलं, ते माझ्या लग्नापर्यंत. लग्नालाही ते लोक अक्षता टाकण्यापुरते आले आणि न जेवता गेले. हे ज्या मुलीनं पाहिलं, तिला शाळेच्या व्हरांड्यात दोन पार्ट्या नको वाटल्या तर नवल नाही.

आज मी उलट बोलते. शाळेत मतदान व्हावं, तेही हात वर करून नको, चिठ्ठ्या टाकून. गावातल्या काही लोकांना वाटतं, ही उभी राहिली म्हणून आता असं बोलते. खरंच आहे ते. उभी राहिले नसते तर मला हे कळलं नसतं.

सासर दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. पहिल्या खेपेला मी समितीत गेले ती मला न विचारताच. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या महिला लागतात. यादीत बायका कमी पडत होत्या आणि माझं बी.ए. गावाला ठाऊक होतं. आधी नाव लिहिलं गेलं, मग सहीसाठी रजिस्टर घरी आलं. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. बघा, कसं शांततेत झालं! समितीची मुदत दोन वर्षांची आणि सभा दर महिन्याला व्हायला हवी. ती व्हायची, रजिस्टरात. कित्येकदा मी कणकेचे हात पुसून सही केली आणि सभेत काय चर्चा झाली ते सहीच्या वरच्या ओळींत वाचलं. त्या ओळींप्रमाणे मी एकदा पोषण आहाराच्या दर्जाबद्दल समाधानही व्यक्त केलं होतं. खिचडीची चव मात्र मी तोवर घेतलेली नव्हती.

मन फिरायला लागलं ते गणवेशावरून. २०२४-२५ मध्ये सरकारनं ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणत कापड वरून पाठवायचं आणि बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरवलं. गणवेश उशिरा आले, मापात बसेनात, याच्या बातम्या राज्यभरातून आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून हे काम पुन्हा शाळा समित्यांकडे आलं. एका गणवेशाला ३०० रुपये. मंत्रालयाला न जमलेलं काम आता आमच्याकडे आलं म्हणून मला हुरूप होता. कापड कोणतं घ्यावं, गावातल्या शिवणाऱ्या बायकांना काम द्यावं की तालुक्याहून तयार आणावे, हे बोलू असं मनात होतं. प्रत्यक्षात गठ्ठा सुटला तेव्हाच मला कळलं की सगळं ठरून गेलं आहे. माझी सही तेवढी बाकी होती. दिवाळीच्या आत माझ्या पोराची पँट गुडघ्यावर उसवली. बोलायचं कुणाला? समितीत मीच होते.

मुदत संपली तेव्हा मी आणि आणखी दोघी-तिघी म्हणालो, आम्ही उभ्या राहतो. मुख्याध्यापक सर घाबरले. त्यांचं चूक नव्हतं. गावात तंटा झाला तर त्याचा ताप मास्तरलाच होतो. घरी नवरा म्हणाला, कशाला? सासूबाई काही म्हणाल्या नाहीत, त्यांनी फक्त माझ्या वाट्याच्या भाकरी थापल्या, तेही रोज नाही.

मतं मागायला संध्याकाळीच जावं लागायचं, कारण दिवसा बाया निंदणाला. मी कायद्याची कलमं वाचून तयारीनं गेले होते. २१ वं कलम समितीचं, २२ वं शाळा विकास आराखड्याचं. शाळेचा पट ३१ ते १०० असेल तर वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत संयुक्त अनुदान मिळतं, ते कसं खर्च व्हावं यावर समितीनं बोलायचं असतं, असं सगळं पाठ. एका मावशींनी चुलीवरून नजर न उचलता विचारलं, “व बाई, तू निवडून आलीस त माह्या पोट्ट्याले भागाकार येईन काय?” मी म्हटलं, मावशी, ते सरांचं काम. “मंग तुहं काम काय?”

त्या घरातून मी बिनउत्तराची बाहेर पडले. पुढच्या घरी पाण्याचा प्रश्न निघाला. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं तरी ते खारं. गोडं पाणी शहानूर धरणावरून येतं, आणि नळ आला नाही त्या दिवशी शाळेच्या टाकीत काय असतं, हे मी सभासद असून कधी पाहिलेलं नव्हतं. कुणी विचारलं, मुलींच्या संडासाला कुलूप का? कुणी विचारलं, दोन वर्गांना एकच बाई कशा पुरतात? शिक्षक नेमणं समितीच्या हातात नाही, ते जिल्हा परिषदेचं काम, हे सांगताना मी पहिल्यांदा हेही सांगितलं की तसा ठराव करून पंचायत समितीला पाठवणं मात्र आमच्या हातात आहे. असा ठराव आम्ही कधी केला नव्हता, कारण कुणी आम्हाला विचारलंच नव्हतं. बिनविरोध आलेल्याला विचारायला कोण जातं?

या धावपळीत एक गंमतही कळली. ‘शाळेत राजकारण नको’ असं सर्वांत जोरात म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण असे, की ज्यांची मुलं सकाळी पिवळ्या गाडीतून कॉन्व्हेंटला जातात. पालक म्हणून मत फक्त या शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांना. म्हणजे मजुरी करणाऱ्या बाईला ते आहे आणि गावातल्या पुढाऱ्याला नाही. वऱ्हाडात शिक्षणसंस्थांच्या निवडणुका कमी नाहीत. अमरावतीच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेची निवडणूक लागली की पॅनलची चर्चा पार अकोल्यापर्यंत चालते. पण तिथे मत आजीव सभासदांचं, वर्गात बसलेल्या मुलांच्या आयांचं नाही. ती संस्था ज्यांनी उभी केली ते पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख १९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होते आणि १९३० मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले, दोन्ही निवडणुकीच्या राजकारणातूनच. भाऊसाहेबांचा फोटो भिंतीवर लावायचा आणि निवडणुकीला नाक मुरडायचं, हे मलाही जमत होतं.

चिठ्ठ्या पडल्या. मी निवडून आले, अध्यक्ष झाले नाही. अध्यक्ष झालेली बाई सहावीपर्यंत शिकलेली आहे आणि खर्चाच्या कागदावर सही करण्याआधी ती पावती मागते. मावशींच्या पोराला भागाकार अजून पक्का येत नाही. त्या मला पिठाच्या गिरणीवर भेटल्या की आठवण देतात आणि मला शाळेत जाऊन बसावं लागतं. नुकसानही झालं. माझ्या विरोधात उभी राहिलेली बाई नात्यातली, ती अजून तोंड फिरवते. सभेत पूर्वी नसलेली चिडचिड आता असते. आणि निवडणुकीत पक्षाचे झेंडे, फ्लेक्स, जेवणावळी येतील ही माझी भीती गेलेली नाही. त्या आल्या तर मी आधी भांडेन. पण माहेरचं ते चुलत काकांचं प्रकरण मी आता वेगळं ठेवते. तिथे भांडण मतांवरून नव्हतं, मतं विकत घेण्यावरून होतं.

मला विचाराल तर खरी मेख सभेच्या वेळेत आहे. सकाळी अकराला पालकसभा लावली की मजूर बाया वावरात असतात, जमलेले दहाजण यादी वाचतात आणि टाळ्या वाजवून सगळं बिनविरोध होतं. तुमच्या गावच्या समितीची मुदत कधी संपते ते शाळेत जाऊन विचारा, आणि नवीन निवडीची सभा संध्याकाळी, वावरातून बाया परतल्यावर घ्या, असा अर्ज आधीच द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.