अर्ध्या दिवसात तीन काठ

ग्रीस देशात सँटोरिनी नावाचे एक बेट आहे. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी तेथे ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्या बेटाचे किनारे एकसारखे नाहीत. कामारी आणि पेरिसा येथील वाळू काळी, अक्रोतिरीजवळचा किनारा तांबडा, तर त्याच्या शेजारी पांढऱ्या कड्याखालचा किनारा निराळाच. जगभरचे प्रवासी तेथे जातात, अर्ध्या दिवसापुरती मोटार ठरवतात आणि हे वेगवेगळे किनारे पाहून जेवायच्या वेळेला मुक्कामी परततात.

आता तुम्ही म्हणाल, समुद्र आमच्यापासून शेकडो मैल दूर, आम्हांला त्याचे काय? पण आपली काळी माती तरी कोठून आली? तीही ज्वालामुखीचीच देणगी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्याचा काळा खडक झाला आणि तो झिजून आपली रानं तयार झाली. आणि काठांचे म्हणाल, तर सोलापूर शहराच्या उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत अर्ध्या दिवसात तीन काठ पाहता येतात. एक गाळाचा, एक दगडाचा आणि एक वाळूचा. तिन्ही ठिकाणी पाणी आहे, पण तिन्ही काठ आपल्याला वेगवेगळी गोष्ट सांगतात, आणि ती गोष्ट आपल्या विहिरीशी नि बांधाशी येऊन पोहोचते.

निघण्याची तयारी

मार्गशीर्ष ते माघ हे दिवस या फेरीला सर्वांत चांगले. ऊन सोसवते, पाणी असते आणि दूरदेशीचे पक्षीही आलेले असतात. दोन-तीन घरांनी मिळून एक जीप ठरवावी, म्हणजे खर्च वाटला जातो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही नेता येते. सारा फेरा शंभर किलोमीटरच्या आसपास होतो. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि पिण्याचे पाणी घ्यावे. कडक भाकरी दोन दिवस टिकते, तेव्हा वाटेत हॉटेल शोधण्याची यातायात नाही. मुलांसाठी एक घागर आणि एक फुलपात्र आठवणीने घ्या. ते कशासाठी, हे पुढे सांगतो.

पहिला काठ : गाळाचा

उजाडता उजाडता हिप्परग्याला पोहोचा. सोलापूरहून तुळजापूर रस्त्याने हे अंतर दहाएक किलोमीटर आहे. या जलाशयाला एकरूखचा तलाव असेही म्हणतात. अदिला नावाच्या ओढ्यावर बांध घालून १८७१ च्या सुमारास हा तलाव पुरा झाला. त्या काळच्या मुंबई इलाख्यातील मोठ्या कृत्रिम तलावांमध्ये त्याची गणना होत असे. त्याच्या कालव्यांनी शेती भिजली आणि पुढे सोलापूर शहरालाही त्याने पाणी पाजले.

सकाळच्या वेळी उथळ पाण्यात पक्ष्यांची दाटी असते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखी हंस दिसले, तर मुलांना दाखवा. त्यांना पट्टकादंब म्हणतात. हे पक्षी तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आपल्याकडे हिवाळा काढायला येतात. काही वर्षी गुलाबी पायांचे रोहित पक्षीही उतरतात. दूरवर उभे राहून पाहावे. दगड मारून उडवू नयेत.

पक्षी पाहून झाले की पायाखाली पाहा. पाणी ओसरले तेथे काळ्या गाळाचा पट्टा उघडा पडलेला असतो. वरून वाळून भेगाळलेला, आत लोण्यासारखा मऊ. मुलांना त्यावर धावू देऊ नका. वरचा पापुद्रा फसवा असतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि काढताना माणूस रडकुंडीला येतो.

हा गाळ कोठून आला? वरच्या अंगाच्या शिवारांतून. दीडशे पावसाळे ज्या रानांना ताली नव्हत्या, ज्यांचे बांध फुटके होते, ज्यांची नांगरट उताराच्या दिशेने झाली, त्या रानांची वरची माती ओढ्याने वाहत येथे येऊन बसली. म्हणजे या काठावर उभे राहून तुम्ही कुणाच्या तरी शेताचा सर्वांत सुपीक थर पाहत असता. शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान झाले. रानातली माती गेली, आणि तलावात पाण्याची जागा गाळाने घेतली.

पाणी हटले की अशा काठांवर गाळपेर करतात. ओलाव्यावर हरभरा येतो, ज्वारी येते, कुठे काकडी-कलिंगडही येते. विनापाण्याचे पीक म्हणून ते गोड लागते. पण गाळपेरीवर रासायनिक खत आणि औषधे सढळ हाताने टाकली, तर पुढच्या पावसात ती थेट तलावात उतरतात, हे ध्यानी ठेवावे.

राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. गावतळ्यातला गाळ उन्हाळ्यात काढून रानात नेला, तर एका कामात दोन कामे होतात. मात्र तो हलक्या, मुरमाड रानात पसरावा. जेथे आधीच चिकण काळी जमीन आहे, तेथे आणखी गाळ घातला तर पाणी साचून पिकाची मुळे कुजतात.

दुसरा काठ : दगडाचा

तेथून माघारी फिरून शहरात या. नऊच्या आत सिद्धेश्वर तलावावर पोहोचता येते. एका बाजूला भुईकोट किल्ल्याची तटबंदी, मध्ये पाणी आणि पाण्यात ग्रामदैवत श्री सिद्धेश्वरांचे मंदिर. येथे चिखल नाही, वाळू नाही. काठ सगळा दगडी पायऱ्यांचा आणि बांधून काढलेला.

बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे महात्मा बसवेश्वरांचे समकालीन. कर्मयोगी म्हणून त्यांची ख्याती. त्यांनी लोकांना हाताशी धरून, श्रमदानाने हा तलाव खोदवला, असे परंपरा सांगते. देवाचे नाव घ्यायचे तर आधी तहानलेल्याला पाणी द्यावे, हा त्यामागचा विचार. दरवर्षी जानेवारीत, मकर संक्रांतीच्या सुमारास येथे गड्ड्याची यात्रा भरते. सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावून दिला, अशी कथा आहे. त्या विवाहाच्या अक्षता आजही हजारो हात टाकतात.

दर्शन घ्या, घटकाभर पायरीवर बसा आणि पाण्याचा रंग न्याहाळा. शहरातल्या तळ्यांचे पाणी पुष्कळदा हिरवे झालेले दिसते. ते का, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. नत्र आणि स्फुरद दिले की पीक तरारते. तेच नत्र-स्फुरद सांडपाण्यातून, निर्माल्यातून, कपड्यांच्या साबणातून तळ्यात गेले की शेवाळ तरारते. शेवाळ फार माजले की रात्री पाण्यातला प्राणवायू संपत येतो आणि सकाळी मासे उलटे होऊन तरंगतात. आपण त्या तळ्याला न मागता खत घालतो, एवढाच त्याचा अर्थ.

दगडी काठाचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. गाळाचा काठ दरवर्षी बदलतो, वाळूचा काठ दर पुराला बदलतो. दगडी काठ माणसाने बांधला म्हणून तो जागचा हलत नाही. पण म्हणूनच त्याची निगाही माणसालाच राखावी लागते. आपल्या गावच्या बारवेचे, महादेवाच्या कुंडाचे तसेच आहे. निर्माल्य पाण्यात सोडण्याऐवजी देवळामागे एक खड्डा घेऊन त्यात टाकले, तर पावसाळ्यापर्यंत उत्तम खत होते. देवालाही ते अधिक आवडेल.

तिसरा काठ : वाळूचा

आता विजापूर रस्त्याने दक्षिणेकडे चला. वडकबाळला सीना नदीचा पूल लागतो. पुढे मंद्रूप मागे टाकले की डावीकडे हत्तरसंग कुडलची वाट विचारून घ्यावी. सोलापूरपासून हे ठिकाण सुमारे चाळीस किलोमीटर. भीमाशंकराच्या डोंगरातून आलेली भीमा आणि अहिल्यानगरकडून आलेली सीना येथे एकमेकींना भेटतात. पलीकडे थोड्याच अंतरावर कर्नाटक. येथल्या माणसांच्या तोंडी मराठी आणि कानडी दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने येतात.

संगमावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन प्राचीन मंदिरे आहेत. हरिहरेश्वराच्या परिसरात १९९९ मध्ये मातीखालून एक प्रचंड शिवलिंग मिळाले. त्याच्यावर साडेतीनशेहून अधिक मुखे कोरलेली आहेत. संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधला शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीच्या सर्वांत जुन्या ज्ञात शिलालेखांत त्याची गणना होते. हे वाचील तो विजयी होईल, असा त्यातल्या मराठी ओळीचा आशय. मुलांना तो दगड जरूर दाखवा. आपली भाषा हजार वर्षांपूर्वी या काठावर लिहिली गेली, हे त्यांना कळू द्या.

मग खाली नदीत उतरा. आता घागर आणि फुलपात्र काढा. काठावरची कोरडी वाळू घागरीत काठोकाठ भरा आणि फुलपात्राने मोजून पाणी ओतत राहा. भरलेल्या घागरीत पाणी कसे मावेल, असे मुलांना वाटेल. पण पाव ते तिसरा हिस्सा घागरीएवढे पाणी त्या वाळूत सहज जिरते. कणाकणांमधल्या पोकळीत ते बसते, आणि वर वाळू असल्यामुळे ऊन त्याला लवकर उडवू शकत नाही.

हेच नदीचे गुपित आहे. कोरड्या दिसणाऱ्या पात्रात हाताने झिरा उकरला की नितळ पाणी वर येते, ते याच साठ्यातले. काठच्या विहिरींना उन्हाळ्यात जे पाझर राहतात, तेही याच साठ्यातले. वाळू म्हणजे नदीची कणगी. कणगी रिकामी केली की दाणे कोठे ठेवणार? पात्रातली वाळू ओरबाडली की पाणी खाली खडकावरून निघून जाते, काठाच्या विहिरी खोल जातात, काठ ढासळतात आणि उपशाच्या खड्ड्यांत पोहणारी पोरे बुडतात.

आता एक बोचरी गोष्ट, पण ती बोलली पाहिजे. परवानगीशिवाय वाळू उपसणे हा गुन्हा आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण उपसा करणारा ट्रॅक्टर आकाशातून पात्रात उतरत नाही. तो कुणाच्या तरी शेतातून, कुणाच्या तरी बांधावरून जातो. वाटेचे चार पैसे हातात पडतात, ते गोड वाटतात. दोन-तीन उन्हाळ्यांनी त्याच शेताच्या विहिरीत आडवे बोअर मारण्याची वेळ येते आणि मिळालेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो. हा हिशेब घरातल्या बायकांनी एकदा मांडून पाहावा. उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट त्यांनाच करावी लागते.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला मोठा पूर आला. माढा, मोहोळपासून खाली दक्षिण सोलापूरपर्यंत काठच्या शेतांत पाणी शिरले, उभी पिके गेली, कित्येक ठिकाणी जमीन खरवडून निघाली. एवढा पाऊस कोणाच्या हातातला नव्हता, हे खरे. पण ज्या काठावर करंज, बाभळी, वाळुंज आणि गवत टिकून आहे तेथे माती धरली जाते, आणि उघडा, खणलेला काठ आधी तुटतो. नदीकाठचे पहिले चार-पाच पावलांचे रान नांगराखाली आणण्याचा मोह आवरला, तर मागचे एकरभर रान वाचण्याची आशा राहते.

जेवण आणि परतीची वाट

संगमाजवळच्या सावलीत भाकरी सोडा. पत्रावळी, कागद, प्लास्टिक तेथे टाकू नका, पिशवीत घालून घरी आणा. पोहण्याचा आग्रह धरू नका. दोन प्रवाह मिळतात तेथे तळाचा अंदाज येत नाही, आणि धरणातून पाणी सोडले की पात्रातली पातळी वाढते. एक-दीडच्या सुमारास सोलापूरला परत पोहोचाल. संध्याकाळच्या धारांना गावात हजर.

सोलापूर ज्यांना लांब पडते, त्यांनी आपल्याच शिवारात ही फेरी करावी. ओढा, गावतळे आणि बारव बहुतेक गावांत आहेत. प्रत्येक काठावर उभे राहून मुलांना तीन प्रश्न विचारा. हा गाळ कुणाच्या रानातून आला? या पाण्यात आपल्या घरातून काय जाते? येथली वाळू मागच्या पाच वर्षांत वाढली की घटली? उत्तरे वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या ग्रामसभेला ती वही बरोबर न्या.