दांड्याचा थकवा

गोंदियाला लागून असलेलें मुर्री हें गांव आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिलें असेल, आणि न पाहिल्याबद्दल त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. धान, धानाचा कोंडा आणि धान भरडणाऱ्या गिरण्यांची घरघर, हेंच या मुलुखाचें वैभव. आमचीहि एक लहानशी राइस मिल आहे. वडिलांच्या वेळची चाळणी तींत अजून चालते; आणि त्या चाळणीचा हातभर लांबीचा एक लोखंडी दांडा हेंच प्रस्तुत लेखाचें निमित्त आहे.

हा दांडा चाळणीला मागें-पुढें हलवितो. गेल्या हंगामांत तो एके दुपारीं कडाडून तुटला, आणि त्याचा तुकडा आमचे वृद्ध मिस्त्री ज्या स्टुलावर बसतात त्याच्या बरोबर वर भिंतीवर आदळला. मिस्त्री त्या वेळीं चहाला गेले होते. त्यांच्या चहाच्या व्यसनावर आम्हीं आजवर पुष्कळ उपदेश केला आहे. यापुढें तो करण्याचा अधिकार आम्ही गमावून बसलों आहों.

तुटलेलें तोंड पाहण्यासारखें होतें. अर्धा भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वळ्या. उरलेला अर्धा ताज्या फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखा खरबरीत. म्हणजे दांडा त्या दुपारीं तुटला हें खरें नव्हे. तो कित्येक महिने तुटत होता. त्या दुपारीं तें आम्हांला कळलें, एवढेंच.

धातूच्या या दुखण्याला शास्त्रज्ञ थकवा म्हणतात. १८४२ च्या मे महिन्यांत फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या एंजिनाचा आंस असाच मोडला आणि पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पुढें व्होलर नांवाच्या जर्मन रेल्वे-एंजिनियरानें आंसांवर वर्षानुवर्षें प्रयोग करून दाखविलें, कीं एकदां दिला असतां सहज सोसेल असा भारहि लाखों वेळां दिल्यास लोखंड मोडतें. आमचा दांडा मिनिटाला ३०० हेलकावे खातो. रोज आठ तास गिरणी चालली तर हे १,४४,००० होतात. सात दिवसांत दहा लाख पुरे! हा हिशेब मांडला तेव्हां आम्हांला त्या दांड्याचा रागच येईना.

आतां तसा दांडा बाजारांत मिळत नाहीं. आमचा भाचा पुण्यास एंजिनियर आहे, तो म्हणाला, "मामा, काळजी करूं नका, मी छापून आणतों." आम्ही पुस्तकांच्या छपाईंत मुरलेले, पोलादाची छपाई आम्हांला ठाऊक नव्हती. पिठाहून बारीक अशी धातूची पूड केसाहून पातळ थरांत पसरावयाची, लेसरच्या किरणानें हवी तेवढी वितळवावयाची, पुन्हा थर, पुन्हा किरण. असे हजारों थर चढून वस्तु उभी राहते. ९ मे २०२४ रोजीं इस्रोनें पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचें असें छापलेलें एंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिलें. त्यांत चौदा भागांचा एक भाग झाला, एकोणीस सांधे गेले, आणि ५६५ किलो धातूच्या जागीं १३.७ किलो पूड पुरली.

भाच्यानें दांडा आणला. मिस्त्र्यांनीं तो हातांत घेतला, नख फिरविलें आणि परत दिला. "भाऊ, हे खरखरीत हाये जी. इथूनच जाईन."

भाचा रागावला. ओढून पाहिल्यास हें पोलाद घडीव पोलादाच्या तोडीचें भरतें, असें तो म्हणाला. आणि तें खोटें नव्हतें. पण एकदां ओढणें निराळें आणि दहा लाख वेळां हलविणें निराळें. त्या रात्रीं तो बराच वेळ वाचत बसला, आणि सकाळीं त्यानें मोकळेपणानें कबुली दिली. छापलेल्या वस्तूच्या पृष्ठावर अर्धवट वितळलेले कण चिकटलेले असतात. त्यांमधील प्रत्येक खाच ही भेगेची पहिली पायरी. आंत कोठें पूड नीट वितळली नाहीं, तर दोन थरांमध्यें चपटी पोकळी राहते, आणि ओढ थरांच्या आडवी आली कीं तीच पोकळी उघडूं लागते. शिवाय भराभर थंड झाल्यामुळें धातूच्या आंत ताण कोंडलेला असतो. मिस्त्र्यांच्या नखाला यांतलें एकच समजलें होतें. पण बहुधा आरंभ तेथूनच होतो.

उपायहि आहेत. तापवून ताण घालवितां येतो. प्रचंड दाबाच्या तप्त वायूंत ठेवून आंतील पोकळ्या मिटवितां येतात. वरची साल कापून घासतां येते. अशी काळजी घेतली तर छापलेले भाग विमानांच्या एंजिनांतहि वर्षानुवर्षें टिकतात. भाच्यानें दांडा पुण्यास नेऊन तापविला, चोहोंकडून कातला, आरशासारखा घासला. तरी साल काढतांना आंतलें एखादें छिद्र नेमकें वर येण्याचा संभव राहतोच. म्हणून दांड्याभोंवतीं जाड जाळी बसविली, दरमहा तपासणी ठरविली, आणि स्टूल तेथून हलविलें. रॉकेटाच्या त्या एंजिनाला एका उड्डाणापुरतें जळावयाचें असतें. आमच्या दांड्याला रोज सकाळीं पुन्हा कामावर यावयाचें आहे.

या खटाटोपांत एक गोष्ट मात्र आमच्या मनाला लागून राहिली. दांड्याचे हेलकावे आम्हीं मोजले. मिस्त्र्यांचे दिवस कधीं मोजले नव्हते. हंगामांत त्यांना एकहि सुटी नसते, हें आम्हांला त्यांच्या सुनेकडून कळलें. लोखंडाला विश्रांतीचा उपयोग नाहीं. पडलेली भेग पडून राहिल्यानें बुजत नाहीं. माणसाचें तसें नाहीं, हें त्याचें भाग्य, आणि तें आम्हीं इतकीं वर्षें फुकट घालविलें. आतां रविवारीं गिरणी बंद असते. मिस्त्री मात्र तासाभरासाठीं येतातच, जाळीच्या फटींतून दांडा पाहतात, आणि चहा घेऊन जातात. तो चहा आम्ही स्वतः करतों.