वाटाण्याचा सिनेमा

सिनेमा काढायला लाखो रुपये लागतात, असं वाटतं ना तुम्हाला? आमच्या चौथीच्या वर्गाने पहिला लघुपट काढला, तो चक्क एका वाटाण्यावर!

युक्ती दादासाहेब फाळक्यांची बरं का! १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याची थोडी थोडी चित्रं घेत त्यांनी ‘अंकुराची वाढ’ केला. पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

आमचं भांडवल म्हणजे मूठभर वाटाणे, एक कुंडी आणि माझा जुना मोबाइल. तो दोन विटांमध्ये घट्ट बसवला. केसभर जरी हलला, तरी पडद्यावर कुंडी उडी मारते! फोटोपुरती खिडकी झाकून एकच दिवा लावायचा, नाहीतर चित्र लुकलुकतं.

दिवसाला सहा फोटो. पाच दिवस नुसती माती! पोरं कंटाळली. “बाई, बंद करू या.” पण शाळेशेजारची एक मुलगी दोन्ही रविवारी सहाही वेळा आली. फोटो चुकला असता, तर अंकुराची तेवढी वाढ कायमची हुकली असती.

बारा दिवस, ७२ फोटो, सेकंदाला सहा. सिनेमा भरला बारा सेकंदांचा! कोंबाने माती सारली, तेव्हा सगळा वर्ग श्वास रोखून बघत होता. नामावलीत पहिलं नाव त्या मुलीचं.

कराल ना तुम्हीही? पैसे कमी चालतील. चिकाटी मात्र पुरेपूर हवी!