रक्त गोठण्याची पहिली चाचणी



माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. विज्ञानाच्या तासाला 'रक्त का थक्का जमना' असे पाठ केले होते. मराठी शाळेत आल्यावर 'रक्त गोठणे' हा शब्द रुळला. परंतु त्याचे खरे महत्त्व मला समजले ते आपल्याच एका विद्यार्थ्यामुळे.

काही वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलाचे टॉन्सिलचे ऑपरेशन नागपूरला ठरले. पालकांच्या आग्रहावरून मीही सोबत गेलो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारले, "दात पडल्यावर रक्त लवकर थांबलं होतं का? घरात कुणाला असा त्रास आहे का?" वडील म्हणाले, "नाही." आई गप्पच होती. थोड्या वेळाने ती हळू आवाजात म्हणाली, "दुधाचा दात पडला तेव्हा दोन दिवस रक्त येत होतं. माझ्या भावाचे गुडघेही सारखे सुजायचे." घरात धाकटी मुलगी होती. ही गोष्ट बाहेर कळली तर तिचे लग्न जमणार नाही, या भीतीने माउलीने ती मनातच ठेवली होती.

ऑपरेशन लगेच पुढे ढकलले गेले. तपासणीत हिमोफिलिया निघाला. रक्त गोठवणारा आठवा घटक त्याच्या रक्तात फार कमी होता. पुढे तो घटक देऊन, त्याची पातळी मोजून, मगच ऑपरेशन झाले. नंतरही काही दिवस मोजणी चालू होती. मुलगा सुखरूप घरी आला.

ऑपरेशनपूर्वी गरजेप्रमाणे प्लेटलेटची संख्या पाहतात. पीटी व एपीटीटी या चाचण्यांत गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतात. मोठ्या शस्त्रक्रियेत खूप रक्त गेले किंवा रुग्णाचे शरीर थंड पडले, तर रक्त नीट गोठत नाही. म्हणून ऑपरेशन चालू असतानाही रक्त पुन्हा तपासतात. १९४८ साली जर्मनीतील हार्टर्ट यांनी मांडलेल्या पद्धतीवर चालणारे एक यंत्र गुठळी कधी बनते, किती घट्ट होते आणि केव्हा विरघळते, याचा आलेख काढते. प्लाझ्मा द्यायचा की प्लेटलेट, हे ठरवायला त्याची मदत होते.

परंतु सौम्य हिमोफिलियात एपीटीटी कधी कधी नॉर्मलही येते. अशा वेळी कागद 'ठीक' म्हणतो आणि धोका तसाच राहतो. म्हणून घरच्यांनी दिलेली खरी माहिती हीच पहिली चाचणी होय.

हा आजार बहुधा आईकडून मुलाकडे येतो, पण त्यात आईचा काहीही अपराध नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तर तो पूर्वी कोणालाच नसतो. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे. तेव्हा अशा मुलाला शिकण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि लपवण्यासारखे त्यात काही नाही.

पालकांना नम्र विनंती: दात काढायचा असला तरी पूर्वीचा रक्तस्राव, नातेवाइकांचा त्रास आणि चालू औषधे डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मनानेच बंद करू नका. शाळेच्या आरोग्यपत्रकात यंदापासून याविषयी एक प्रश्न घातला आहे. उत्तर माझ्याकडे व वर्गशिक्षकांकडेच राहील. तो रकाना कृपया कोरा सोडू नका.

आपला,
मुख्याध्यापक