चिंधीचा ‘लं’

पन्नाशीनंतर माझी काळी चार सुटली. आता काळी तीन, आणि सर्दी असली तर पांढरी चार. वाद्यवृंदात गाणाऱ्या बाईचं हे लपून राहत नाही. कीबोर्डवाला ट्रान्स्पोजचं बटण दाबतो आणि सगळ्या मंचाला कळतं. बाकीची गाणी खाली आणली तरी निभतात. ‘नभ उतरू आलं’ खाली आणलं आणि वर्षानुवर्षं अडलेली जागा नव्यानेच अडली.

जागा म्हणजे ‘आलं’मधला ‘लं’. लागोपाठ तीन ओळी याच अकारावर संपतात. बोलताना तो सहज लांबतो, गाताना लांबवला की घसरतो. तालमीतला गळा त्याला उघडून ‘ला’ करतो. सावध गायिका अनुस्वार पाहून तो नाकात घेते, तेही चूकच. टिंब कागदावरचं आहे, नाकातलं नव्हे. तोंड अर्धवट उघडं, जीभ सैल, आणि सूर मात्र टाचणीवर उभा. आशाताईंनी ते केलंय. ते ऐकून मी कित्येक रात्री स्वयंपाकघरात उभं राहून नुसता तो अकार धरत आले आहे.

एवढा अट्टहास कशाला, असं साथीदार विचारतात. माझ्या मते गाण्यातली कादंबरी तेवढ्याच अकारात शिल्लक आहे. गोनीदांची ‘जैत रे जैत’ ठाकरांची, कर्नाळ्याच्या सुळक्याची, आग्यामोहोळांशी वैर धरणाऱ्या नाग्याची आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्या चिंधीची. १९७७ साली जब्बार पटेलांनी तिचा चित्रपट केला, हृदयनाथांनी चाली दिल्या. पण त्यातल्या या गाण्यात ना नाग्याचं नाव, ना डोंगराचं, ना पोळ्यांचं. पाऊस आहे आणि एका बाईचं अंग आहे. शब्द महानोरांचे, म्हणजे अजिंठ्याच्या बाजूच्या पळसखेड्याच्या शेतातून आलेले; कर्नाळ्याच्या ठाकरांची बोली त्यांत नाहीच म्हटलं तरी चालेल. पडद्यावर स्मिता पाटील होती. आमच्या मंचावर कोण असतं? जरीची साडी नेसलेली मी. मग हे चिंधी म्हणते आहे, हे ऐकणाऱ्याला कळायचं कशावरून? मिटत्या तोंडाने संपणाऱ्या त्या ओळींवरूनच. ‘ला’ केलं की चिंधी गेली, उरली नाट्यगृहातली बाई.

माझ्याकडे हेंद्रेपाड्याला शिकायला येणारी मुलगी जवळच्या ठाकरवाडीतली आहे, कॉलेजात जाते. २०२२मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेने तिच्या वयाच्या पोरांना गायिका केट बुश ऐकवली, त्यातून ही मागे मागे जात ‘वुदरिंग हाइट्स’ला पोचली. “ताई, हेपण पुस्तकावरचंच आहे,” म्हणत तिने मला ते फोनवर लावून दिलं. एमिली ब्राँटीची कादंबरी १८४७ची, गाणं जानेवारी १९७८चं, म्हणजे आमच्या चित्रपटाच्या अगदी लगतचं. लिहिलं तेव्हा केट अठरा वर्षांची होती. तिची कॅथी धृपदातच आपलं नाव सांगते, प्रियकराला नावाने हाक मारते, खिडकीतून आत घे म्हणते. तो आवाज इतका उंच आणि पातळ, की बाई मेलेली आहे हे इंग्रजी न कळणाऱ्यालाही कळावं. मला ते फार आवडलं आणि थोडा रागही आला. नाव घेण्याची मुभा असती तर मीही चिंधी उभी केली असती.

मग मुलगी आमचं गाणं गायली. ‘लं’ तिने घरी बोलते तसाच सोडला, विचारही न करता. तिसऱ्या ओळीला सूर किंचित खाली बसला, पण अकार हलला नाही. माझं नेमकं उलटं होतं: सूर बसत नाही, अकार उघडतो. खालच्या पट्टीत तो आता छातीतून येतो, जड येतो. बाई प्रौढ वाटते. चिंधी प्रौढ नाही.

अंबरनाथपासून कर्जतपर्यंत हे गाणं म्हणणाऱ्या तिघीचौघी मला माहीत आहेत. सगळ्या त्या जागेवर मुरकी घेतात. रिअ‍ॅलिटी शोंनी लावलेली ही सवय. स्वर धरवत नाही म्हणून हलवायचा, आणि परीक्षकांनी त्याला हरकत म्हणून डोक्यावर घ्यायचं. त्यात मागे ढोलाऐवजी ऑक्टोपॅड. ढोलावर उभ्या असलेल्या कादंबरीचं गाणं रबरी पट्टीवर वाजवताना वादकाला काहीच कसं वाटत नाही, मला खरंच कळत नाही.

मुरकी मी घेत नाही, लांब धरते, आणि तिथे टाळी येते. ती टाळी मला हवी असते. त्या मुलीचा ‘लं’ खरा आहे हे पहिल्याच दिवशी कळलं, तरी मी तिला तसं म्हटलं नाही. सूर खाली जातोय, एवढंच म्हटलं. सध्या तंबोरा लावून तिला तो एकच अकार धरायला बसवते आणि शेजारी मीही धरते. तिचा सूर आठवड्याआठवड्याला वर येतो आहे. माझा अकार अजून मिटत नाही.

गणपतीतल्या कार्यक्रमाची यादी परवा दिली. ‘नभ उतरू आलं’ माझ्याच नावावर लिहिलं आहे. तिला ‘जांभूळ पिकल्या झाडाखाली’ दिलं.