सरावलेला हात

शस्त्रक्रियागृहाच्या बंद दाराबाहेर ज्याने कधी दोन-तीन तास काढले असतील, त्याला वेळ ही केवढी विलक्षण वस्तू आहे हे निराळे सांगावयास नको. आमच्या अक्काच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, त्या दिवशी मीही अशीच एका बाकावर बसून भिंतीवरील घड्याळाशी मनातल्या मनात भांडत होते. भांडणाचे कारण मात्र थोडे निराळे होते.

अक्काचे वय ७४. उजव्या खांद्याभोवतीच्या स्नायूंच्या कंडरा वर्षानुवर्षे झिजून तुटल्या होत्या आणि त्यांच्यामागोमाग सांधाही झिजला होता. वेणी घालणे सुटले, देवघरातील फळीवरची पोथी काढणे सुटले, अखेर रात्रीची झोपही गेली. कृत्रिम सांधा बसविण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तेथील ज्येष्ठ शस्त्रवैद्य मोठे स्पष्टवक्ते. ते म्हणाले, "शस्त्रक्रिया माझे तरुण सहकारी करतील, मी शेजारी उभा असेन. मला जेथे सव्वा तास पुरतो, तेथे त्यांना दोन तास लागतील. आपली संमती असेल तरच."

मी तत्काळ 'नाही' म्हणणार होते. कोणाच्या तरी हाताला सराव व्हावा म्हणून आमचीच अक्का का?

एक काळ असा होता, की वेग हीच शस्त्रवैद्याची रोग्यावरील दया होती. लंडनचा रॉबर्ट लिस्टन पाय कापण्यातील आपल्या शीघ्रतेबद्दल विख्यात होता. त्याच लिस्टनने २१ डिसेंबर १८४६ रोजी ईथरची भूल दिलेल्या रोग्याचा पाय कापला. भुलेची विद्या हाती आली आणि क्षणांचा हिशेब मागे पडला. मिनिटांचा हिशेब मात्र सुटला नाही. जखम जितका वेळ उघडी, तितका जंतूंना वाव अधिक. भूल जितकी लांबेल, तितका वृद्ध शरीरावर भार अधिक. खांद्याच्या बाबतीत तर ही धास्ती जन्मापासूनची आहे. १८९३ साली पॅरिस येथे पेआँ या शस्त्रवैद्याने क्षयाने ग्रासलेल्या एका भटारखानेवाल्याला प्लॅटिनम व रबर यांचा खांदा बसविला. परंतु जंतुदोष न हटल्यामुळे सुमारे दोन वर्षांनी तो काढून टाकावा लागला. पुढे न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांनी १९५०च्या दशकात या शस्त्रक्रियेला स्थैर्य आणले. १९८५ साली फ्रान्समधील पॉल ग्रामाँ यांनी तर निसर्गाची मांडणीच उलटी केली: गोळा फऱ्याच्या हाडावर आणि वाटी दंडाच्या हाडावर! तुटलेल्या कंडरांचे काम अशा रीतीने खांद्यावरील मोठ्या स्नायूकडून करवून घेता येते. अक्काला हाच उलटा सांधा बसवावयाचा होता.

मग नवख्या हाताचा अधिक वेळ जातो तरी कोठे? याची मी चौकशी केली, तेव्हा कळले की सराईत हात काही भराभर चालत नसतो. छाती व खांदा यांच्या स्नायूंमधील फट शोधणे, काखेतून जाणारी मज्जातंतूची शिर जपणे, खोल दडलेली फऱ्याची खोबणी उघड करून तिच्यात योग्य कोनाने सळई बसविणे, ही सर्व कामे दोघांनाही सारखीच करावी लागतात. नवखा प्रत्येक पायरीवर थांबून पुन्हा पाहतो. सराईताला मागे फिरावे लागत नाही. हत्यारे देणारी परिचारिकाही सरावलेली असेल तर मागण्याआधीच हत्यार हाती येते. पहिल्या काही शस्त्रक्रियांत वेळ झपाट्याने उतरतो, काही डझनांनंतर तो जवळजवळ स्थिर होतो. ही शस्त्रक्रिया वरचेवर करणाऱ्यांच्या रोग्यांना उपद्रवही कमी होतात, असाच सर्वसाधारण अनुभव आहे. अर्थात् घड्याळ हे कौशल्याचे एकमेव माप नव्हे. ठिसूळ हाड निष्णातालाही थांबविते, आणि तेथे न थांबणे हाच दोष ठरतो.

आमच्या सुश्रुतसंहितेत छेदनाचा अभ्यास कोहळा, दुध्या, काकडी यांवर आधी करावा असे सांगितले आहे. आज कृत्रिम हाडांवर आणि मृतदेहांवर सराव करता येतो. तरीही एक दिवस असा येतोच, की पुढ्यात कोहळा नसतो, माणूस असतो. तो माणूस कोणी व्हावे?

मी हे सारे बोलून दाखविले, तेव्हा अक्का शांतपणे म्हणाली, "अगं, मी छत्तीस वर्षे शाळेत शिकविले. पहिल्या वर्षी माझ्या वर्गात बसलेली मुलेही कोणाची तरी लाडकीच होती ना? हेडबाई मागच्या बाकावर येऊन बसत, म्हणून निभावले. येथेही कोणी तरी मागे उभे आहेच." आणि तिने सही केली.

दोन तास दहा मिनिटांनी दार उघडले. ज्येष्ठ शस्त्रवैद्य म्हणाले, "एकदाच, खोबणीपाशी, मी बोट ठेवून कोन दाखविला. बाकी सारे त्यांचे." तरुण वैद्यांच्या कपाळावर घाम होता.

आज चार महिने झाले. अक्का फळीवरची पोथी स्वतः काढते. पाठीकडे हात नेणे अजून जमत नाही, म्हणून वेणी मीच घालते. ओळखीचे कोणी अशा शस्त्रक्रियेला निघाले, की मी त्यांना एवढेच सांगते: "वेळ किती लागेल, हे मागाहून विचारा. आधी विचारा, अशा किती केल्यात, आणि आपल्या शेजारी कोण उभे राहणार?" हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा, आणि त्याचे सरळ उत्तर मिळाले, तर अधिकचा पाऊण तास बाकावर बसण्यास माझी आता हरकत नाही.